निफाडची थंडी आणि चंद्रभागाबाईंची करंगळी

रक्त शरीरभर गोल फिरतं हा शोध चारशे वर्षांपूर्वी कुणा विलायती डॉक्टरने लावून टाकला आणि मागून येणाऱ्यांसाठी काही शिल्लकच ठेवलं नाही, अशी डॉ. रंगनाथ गायखे यांची मनातली तक्रार होती. नाशिकच्या वेशीवरल्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात ते पहिल्या वर्षाच्या मुलांना रक्ताभिसरण शिकवत. फळ्यावर हृदय काढायचं, येणारं रक्त निळ्या खडूने, जाणारं तांबड्या खडूने. हे करता करता केस पांढरे झाले. आपण जन्मभर दुसऱ्याच्या शोधाला रंग देत बसलो, हे त्यांना खडू हातात घेतला की हमखास आठवायचं.

बरं, डॉक्टर असून दवाखाना नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "दवाखाना कुठं टाकलाय?" तर गायखे सर सांगत, मी शिकवतो. त्यावर समोरचा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "टाकाल, टाकाल. घाई काय आहे?" अशा माणसाला निदान विभागप्रमुखाची खुर्ची तरी मिळायला हवी की नाही? ती येत्या उन्हाळ्यात रिकामी होणार होती. पण संचालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, ज्याच्या नावावर स्वतःचं, नवं संशोधन असेल त्याचाच विचार होईल. दुसरे उमेदवार डॉ. महेश वयाने लहान होते आणि त्यांच्या नावावर, बेडकांवरचे का होईना, शोधनिबंध होते.

त्यात घरी आईची करंगळी. चंद्रभागाबाई निफाडकडच्या गावाहून, सरांचे वडील गेल्यावर, गंगापूर रोडच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. गेले काही हिवाळे त्यांच्या डाव्या करंगळीचं टोक पांढरं पडायचं, मग निळं व्हायचं, मग ठणकायचं. आता तिथे एक जखम झाली होती आणि ती काही केल्या सुकत नव्हती. सरांनी त्यांना आपल्या एका सर्जन वर्गमित्राकडे नेलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तंबाखू?"

आईने तोंड उघडायच्या आत सरच हसले. "अरे, गळ्यात माळ आहे तिच्या. आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सापडायचं नाही."

मित्राने मान हलवली, मलम लिहून दिलं आणि सांगितलं, की वर्षभरात सुकली नाही तर टोक काढावं लागेल. काढावं लागेल हे आईने ऐकलं. तेव्हापासून ती करंगळी पदरात लपवू लागली. सरांना त्या पदराकडे पाहवत नसे. एवढं रक्ताभिसरण शिकवून आपल्याला आईच्या एका करंगळीपर्यंत रक्त पोचवता येत नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटायची.

आणि मग एका डिसेंबरच्या सकाळी त्यांना शोध लागला. लागला म्हणजे पेपरात छापून आला. दर हिवाळ्यात येते तशी बातमी होती, की निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली घसरला. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात हे शाळेतलं पोरही सांगेल. पण जन्मभर निफाडच्या थंडीत पहाटेपासून राबलेल्या बाईचं काय? तिच्या रक्तवाहिन्यांना आवळून राहायची सवयच लागली असेल तर? मग ती नाशिकला फ्लॅटमध्ये येऊ दे नाहीतर आणखी कुठे, बोटात रक्त पोचायचं नाही. सरांनी त्याला तिथल्या तिथे नाव देऊन टाकलं, 'निफाड लक्षण'. पुढे कधीतरी पाठ्यपुस्तकात ते चौकटीत छापलं जाईल आणि खाली बारीक अक्षरात गायखे असं नाव येईल, हेही त्यांना दिसलं. आईची करंगळी आणि खुर्ची, दोन्ही एकाच यंत्राने सुटणार होत्या.

यंत्र कॉलेजात पडूनच होतं. बोटाला एक चिमटा लावायचा, की बोटात दर ठोक्याला किती रक्त येतं त्याची लाट पडद्यावर दिसते. भरपूर रक्त असलं की उंच लाट, कमी असलं की बुटकी. ते यंत्र आणि निकिता नावाची विद्यार्थिनी गाडीत घालून सर भल्या सकाळी एका ओळखीच्या द्राक्षबागेत पोचले. निकिता पुण्याची, एम.डी. करणारी, तोंडातून वाफ निघतेय हे पाहूनच खूश झालेली. बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटल्या होत्या. त्या माणसांसाठी नव्हत्या, द्राक्षांसाठी होत्या. द्राक्षांना थंडी बाधली तर निर्यात बुडते, म्हणून मालक रात्रभर जागून त्यांना शेकत होता. मजूर बायका पिकअपमधून उतरल्या आणि द्राक्षांच्या वाटणीची ऊब थोडीशी घेत बसल्या.

टोळीची मुकादम नवसाबाई तोंडाने फटकळ होती. निकिताने एकेकीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. वय, मुलं, आजार. मग विचारलं, "तंबाखू खाता का?"

"या बया!" नवसाबाईने कपाळावर हात मारला. "आम्ही काय गडीमाणसं हाय का गं? ऐकलं का चांगुणा, आपल्याला तंबाखू इचारती!"

सगळ्या बायका खिदळल्या. चांगुणा तर हसता हसता ठसकली, कारण तिच्या तोंडात तेव्हा मिश्री होती. निकिताने शरमून सगळ्यांच्या नावापुढे 'नाही' लिहून टाकलं. मग चिमटा लावायची वेळ आली तेव्हा तिने विचारलं, "सर, यांच्या बोटाला हे काळं काय आहे?"

"मिश्री. दात घासतायत," सर म्हणाले. त्यांना या गोष्टीचं काय नवल? त्यांची आई घासायची, आजी घासायची. ओसरीवर बसून हिरड्यांवर बोट फिरवणाऱ्या बायका बघतच ते लहानाचे मोठे झाले होते. "आटपू दे त्यांचं. मग बोट स्पिरिटने स्वच्छ पुसून घे. मळ राहिला तर लाट चुकते."

निकिताने बोटं पुसली. एकेक काळं बोट कापसाने घासूनपुसून लख्ख केलं आणि मग त्याला चिमटा लावला. संशोधनात स्वच्छता राखावी लागते.

लाटा बुटक्या आल्या. नवसाबाईची बुटकी, चांगुणाची त्याहून बुटकी. सरांना थंडीतही घाम फुटला तो आनंदाने. बायकांचे हात कोमट पाण्यात धरायला लावले तरी लाट म्हणावी तशी वर येईना. आदल्या आठवड्यात मोजलेल्या, नाशिकच्या कॉलनीतल्या त्याच वयाच्या बायकांच्या लाटा कशा टरारून उभ्या राहिल्या होत्या! पुरावा आणखी काय हवा?

पुरुषांनी मात्र थोडा घोळ घातला. बागेतल्या बहुतेक गड्यांनी तंबाखू खातो म्हणून छातीठोक सांगितलं, तेव्हा सरांनी त्यांना लगेच वगळलं. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, हे तर ते स्वतः पहिल्या वर्षाला शिकवत. उरले ते चार-दोन निर्व्यसनी गडी. तेही याच थंडीत जन्मलेले, वाढलेले. त्यांच्या लाटा मात्र चांगल्या दणकट आल्या.

"सर, थंडी तर यांनाही लागते," निकिता म्हणाली.

"पुरुषांना शेकोटीजवळ जास्त बसायला मिळतं."

"पण सर, शेकोटीजवळ तर बायकाच बसल्या होत्या."

"तू लिही," सर म्हणाले, आणि निकिताने लिहिलं. गुणी मुलगी होती.

पुढे सगळं कसं भराभर घडलं. एका वार्ताहराला कुणकुण लागली आणि सरांचा कोट घातलेला फोटो पेपरात झळकला. वर मथळा, 'निफाडच्या थंडीने आवळते रक्त. नाशिकच्या डॉक्टरांचा शोध'. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गावाकडे अभिनंदनाचा फलक लागला. एका पुढाऱ्याने मजूर बायकांना लोकरीचे हातमोजे वाटले आणि त्याचाही फोटो काढून घेतला. संचालक जिन्यात भेटले तेव्हा स्वतःहून थांबले आणि म्हणाले, मार्चमध्ये आपल्याकडे प्राध्यापकांचं राज्य अधिवेशन आहे, तिथे मांडा, लगेच पुढचं जाहीर करू. घरी सरांच्या बायकोने, अंजलीने, बातमी मोठ्याने वाचून दाखवली. चंद्रभागाबाईंना वाचता येत नसे, पण त्यांनी तो पेपर मागून घेतला, घडी घालून उशाखाली ठेवला आणि येईल त्या शेजारणीला त्यातला लेकाचा फोटो दाखवला. माझ्या बोटावरनं त्याला सुचलं, हे सांगायला त्या विसरत नसत.

करंगळी मात्र सुकली नाही. सरांनी हीटर आणला, मोजे आणले, लोकरीची पिशवी शिवून घेतली. थंडी सरली, ऊन तापायला लागलं, तरी जखम तशीच. उलट आता तिच्या कडा काळपट दिसू लागल्या.

अधिवेशन आठवड्यावर आलं तेव्हा सरांना वाटलं, भाषणात एक घरचीही लाट दाखवावी. लोकांना तसलं आवडतं. मार्चची दुपार होती, गॅलरीत रणरणतं ऊन. चंद्रभागाबाई जेवून तिथे पाय पसरून बसल्या होत्या. सरांनी यंत्र टेबलावर मांडलं आणि आईच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिमटा लावला. लाट बेताची होती, पण होती.

"हलू नको, आई. थोडा वेळ लागेल."

"न्हाय हलत. दात तरी घासू का नको?" असं म्हणून तिने उजव्या हाताने कमरेची डबी काढली, चिमूटभर मिश्री घेतली आणि हिरड्यांवर बोट फिरवायला लागली.

सर पडद्याकडे पाहत होते. लाट हळूहळू बसायला लागली. आधी वाटलं चिमटा सरकला. त्यांनी तो काढून परत नीट लावला. लाट आणखी बसली. भर उन्हात, घामाने ओथंबलेल्या बाईच्या बोटात रक्त येईनासं झालं होतं. थोड्या वेळाने तिने चूळ भरली. सर जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने लाट पुन्हा डोकं वर काढू लागली, आणि तेव्हा कुठे त्यांनी आईच्या उजव्या हाताच्या काळ्या बोटाकडे पाहिलं.

तंबाखूचं पान घ्यायचं, तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरून डबीत भरायचं. मिश्री म्हणजे एवढंच. हे त्यांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. ते पान दर महिन्याला पंचवटीतल्या दुकानातून आणून देणारे तर तेच होते. चांगलं खरपूस भाजेल असं निवडून आणायचे, कारण आईला हलकं पान चालत नसे. पण त्यांच्या डोक्यात तंबाखू एका कप्प्यात होती आणि मिश्री दुसऱ्या, दंतमंजनाशेजारी. त्या दोन्ही कप्प्यांची गाठ घालून द्यायला मधल्या एवढ्या शिक्षणाला वेळ झाला नव्हता. 'गळ्यात माळ आहे तिच्या' हे त्यांनीच सर्जनला सांगितलं होतं, आणि तेही हसत. 

"आई, मिश्री सोड. आजच्या आज," ते म्हणाले. "तुझ्या बोटाला तिनेच झालंय हे. थंडीने नाही."

चंद्रभागाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू यालाच ऊन लागलं असावं. "आरं, मी जन्मात तंबाखूला शिवली न्हाय."

"मिश्री म्हणजे तंबाखूच!"

"तंबाखू गडीमाणसं खात्यात. मी काय गिळते का? घासते आन थुंकते." मग त्यांना काहीतरी आठवलं. त्या उठल्या, आतून उशाखालचा पेपर घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे धरला. "हे काय छापलंय? थंडीनं होतं म्हणून तूच बोललास ना? आता पेपर खोटा का तू खोटा?"

"मी चुकलो, आई."

"एवढा डाक्तर, पेपरात फोटो आलेला, आन चुकतोय व्हय!" त्या ठामपणे म्हणाल्या. "तू थंडी म्हणलास तवापासनं मी दोन टायम जास्तीच लावते. लय ऊब येते त्यानं."

सर यंत्राची वायर गुंडाळू लागले. आजवर त्यांचं कुणी फारसं ऐकलं नव्हतं. ऐकलं, तर त्यांची चूक तेवढी ऐकली.

त्या आठवड्यात ते नीट जेवले नाहीत. गप्प बसणं सोपं होतं. लाटा खऱ्या होत्या, थंडी खरी होती, सभागृहातल्या कुणाला डबीतलं काय कळणार होतं? एकदा खुर्ची मिळाली की मग हळूच दुरुस्ती छापता आली असती. पण निफाडला पुढच्या थंडीतही नवसाबाई आणि चांगुणा हातमोजे घालून, आणि मिश्रीपुरते ते काढून, बसतील हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी निकिताला बागेत परत पाठवलं, पुन्हा विचारून यायला. ती आली ती पडल्या चेहऱ्याने. एकजात सगळ्या मिश्री लावत होत्या.

अधिवेशनात सर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. थंडीचा निष्कर्ष चुकीचा आहे, दोष मिश्रीचा आहे, चूक माझी आहे.  मग अध्यक्षस्थानी बसलेल्या वयोवृद्ध प्राध्यापकांनी चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे तंबाखू वाईट असते, असं आपलं म्हणणं?"

हशा पिकला. सरही कसनुसे हसले. नंतर संचालकांनी त्यांना बाजूला घेऊन समजुतीच्या स्वरात सांगितलं, "गायखे सर, तुमचा प्रामाणिकपणा मोठा आहे. पण यात नवं काय आहे?" ते खरंच होतं. थंडीचा शोध नवा होता, पण खोटा होता. मिश्रीचा खरा होता, पण तो सगळ्यांना आधीच माहीत होता. खुर्ची डॉ. महेश आणि त्यांच्या बेडकांना मिळाली. पेपरात याची बातमी आली नाही.

त्या संध्याकाळी सर अधिवेशनावरून घरी आले, तेव्हा चंद्रभागाबाईंनी दारातच विचारलं, "मिळाली का खुर्ची?"

सरांनी बूट काढले. आई पदराआडून त्यांच्याकडे पाहत होती, आणि पदराच्या आत ती करंगळी होती. आजच्या दिवसात त्यांनी खरं बोलून पाहिलं होतं. त्याचा उपयोग कुणालाच झाला नव्हता.

"तुझ्यावर अडलंय," ते म्हणाले.

"माझ्यावर?"

"हो. तू मिश्री सोडलीस आणि करंगळी बरी झाली, तर खुर्ची मला. नाहीतर दुसऱ्याला. तसंच ठरलंय त्यांचं."

हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं ठरवून बोललेलं खोटं.  बोटासाठी सोड म्हटलं तेव्हा चंद्रभागाबाईंनी पेपर आणून दाखवला होता. आता मात्र एक अक्षर न बोलता त्या मोरीत गेल्या आणि डबी उपडी केली. सरांना ते पाहून रडू आलं, आणि आपण आधीच खोटं का बोललो नाही असंही वाटलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. चंद्रभागाबाईंचं डोकं दुखायचं, त्या अंजलीवर खेकसायच्या, पोट साफ होत नाही म्हणून घर डोक्यावर घ्यायच्या. पण डबी पुन्हा भरली गेली नाही. पावसाळा लागता लागता जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. गणपती उठले तेव्हा खपली धरली, आणि दिवाळीच्या आत करंगळी अशी झाली, की दुखत कुठे होती ते दाखवावं लागे. सर रोज सकाळी चिमटा लावून लाट पाहायचे. एवढी उंच, देखणी लाट त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. ती दाखवायला मात्र अधिवेशन नव्हतं.

आणि मग तगादा सुरू झाला. बोट बरं झालं, खुर्ची कुठे आहे? सर आज सांगत, कागद वर गेलेत. उद्या सांगत, साहेब सुट्टीवर आहेत. शेवटी चंद्रभागाबाईंनी ठणकावलं, "मीच येते तुझ्या त्या साहेबाला बोट दाखवाया. बघते कसा देत न्हाय!" त्या खरंच चपला घालायला लागल्या तेव्हा सरांच्या तोंडून निघून गेलं, "मिळाली, आई. कालच मिळाली."

"मंग दाव."

डॉ. महेश माणूस चांगला होता. त्याने रविवारसाठी आपल्या खोलीची चावी दिली आणि म्हणाला, "बसा की सर, खुर्ची काय झिजतेय?" दारावरची पाटी महेशच्या नावाची होती, पण चंद्रभागाबाईंना ती वाचता येत नव्हती. त्यांनी खोली नीट पाहिली, टेबलावरून हात फिरवला आणि लेकाला म्हणाल्या, "बस."

सर बसले. खुर्ची त्यांना वाटली होती त्यापेक्षा खूपच मऊ होती. चंद्रभागाबाई पुढे आल्या, दोन्ही हात लेकाच्या तोंडावरून उतरवून त्यांनी आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाच्या दहा कडाकडा मोडली, करंगळीसकट. सरांना इतकं भरून आलं की खोटं बोलल्याचा पश्चात्ताप कुठल्या कुठे पळाला.

"झालं ना तुझं मनासारखं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आई."

"मंग आता मी मिसरी लावाया मोकळी." त्या सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या. "जाताना पंचवटीवरनं गाडी घे. पान घिऊ."

सर खुर्चीत ताठ झाले. खुर्ची मिळेपर्यंतच दम धरायचा होता, आणि ती तर आता मिळाली होती. त्यांनीच दाखवली होती.

"आई," ते घाईघाईने म्हणाले, "ही खुर्ची पक्की नाही. मी प्रभारी आहे."

"प्रभारी म्हंजी?"

"म्हणजे बसायचं, पण कधीही उठवतात. तुझं बोट परत बिघडलं असं कळलं, की उठवलंच."

"आन पक्की कधी व्हायाची?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. पाठ वाकलेली, केस पांढरेफेक, आणि दहाही बोटं जागच्या जागी. ती आणखी खूप वर्षं अशीच समोर उभी राहावी, असं त्यांना फार, फार वाटलं.

"वेळ लागेल. तुझ्या हयातीत तर नाही व्हायची," ते म्हणाले. एवढं मात्र खरं होतं.

चंद्रभागाबाईंनी साहेबाला, कॉलेजला आणि त्यांच्या सात पिढ्यांना दोन शेलक्या शिव्या घातल्या. मग पदर खोचला आणि समोरच्या बाकावर बसकण मारली.

"बस तू," त्या म्हणाल्या. "मी हाय तवर तुला कोण उठवतंय ते बघते."